चोराच्या हाती किल्ल्या : टिम्पसनच्या दुकानाचा अनुभव

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराचा ताबा मिळताना आमच्या हाती किल्ल्यांचा एकच जुडगा आला आणि घरात माणसे चार, त्यामुळे जादा किल्ल्या करून घेणे भाग पडले. त्या प्रथम घराजवळच्या एका दुकानातून करून घेतल्या. त्यांतील एक कुलपात शिरत असे पण फिरत नसे, आणि दुसरी एका संध्याकाळी अशी रुतून बसली की शाळेतून आलेली मुले तासभर पावसात उभी राहिली. तक्रार घेऊन गेलो, तर दोष आमच्या कुलपाचाच आहे असे सांगून दुकानदाराने विषय संपवला. त्यानंतर सुपरमार्केटच्या वाहनतळावरील टिम्पसनच्या टपरीवजा दुकानात गेलो आणि गेली दोन वर्षे किल्ल्या व बुटांची दुरुस्ती या कामांसाठी तेथेच जात आहे.

दुकानात एकच कारागीर असतो. मी दिलेली किल्ली त्याने उजेडात धरली, ती नक्कल आहे हे ओळखले आणि मूळ किल्ली मागितली, कारण नकलेवरून नक्कल काढली की आधीची चूक पुढे वाढत जाते. मूळ किल्ली एका शिकंज्यात आणि कोरी पितळी किल्ली शेजारच्या शिकंज्यात बसवून त्याने यंत्र सुरू केले; दात पाडून झाल्यावर किल्ली तारेच्या ब्रशवर धरली, कडेला राहिलेला धातूचा बारीक कीस अंगठ्याने चाचपला आणि पुन्हा एकदा ब्रशवर धरली. घरी ती पहिल्याच खेपेस लागली. पुढे बुटाची झिजलेली टाच बदलून घेतली, तेव्हा नव्या तुकड्याची कड घासून तिला काळा रंग दिल्याने जोड कोठे आहे हे शोधावे लागले. आपल्याकडे रापी आणि आरी घेऊन पदपथावर बसणाऱ्या कारागिराच्या हातांत हेच कसब असते. येथे यंत्रे आली आहेत, चामड्याचा आणि खळीचा वास मात्र तोच आहे.

या कंपनीची दुसरी ओळख मला बरीच उशिरा झाली. 1865 मध्ये मँचेस्टरमध्ये बुटांचे दुकान म्हणून सुरू झालेल्या या कौटुंबिक व्यवसायाच्या आज ब्रिटनभर दोन हजारांहून अधिक शाखा आहेत आणि तेथील कर्मचाऱ्यांपैकी साधारण दहातील एक जण तुरुंगवास भोगून आलेला असतो. 2002 मध्ये या कुटुंबातील जेम्स टिम्पसन थॉर्न क्रॉस येथील तुरुंग पाहण्यास गेले असता तेथील एका तरुण कैद्याला त्यांनी सुटकेनंतर नोकरी देऊ केली, आणि तेथून ही प्रथा पडली. पुढे कंपनीने काही तुरुंगांच्या आतच प्रशिक्षणाच्या कार्यशाळा उघडल्या. शिक्षेच्या अखेरच्या टप्प्यातील काही कैदी दिवसा दुकानात काम करतात आणि संध्याकाळी तुरुंगात परततात.

चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, ही म्हण आपण मूर्खपणाचे उदाहरण म्हणून वापरतो. येथे ती जवळजवळ शब्दशः कामाची पद्धत आहे. दुकानात कर्मचाऱ्यासाठी नियम दोनच : नीटनेटके राहायचे आणि पैसे गल्ल्यात टाकायचे. दरपत्रक केवळ मार्गदर्शनासाठी असते, आणि ग्राहकाची तक्रार मिटवण्यासाठी वरिष्ठांना न विचारता 500 पौंडांपर्यंत खर्च करण्याची मुभा त्याला असते. माझ्या मते शिक्षा भोगून आलेल्या माणसाला सहानुभूतीपेक्षा या मोकळ्या गल्ल्याचा उपयोग अधिक होत असावा. सुटकेच्या दिवशी कैद्याच्या हातावर ठेवली जाणारी सरकारी रक्कम 1995 पासून 2021 पर्यंत 46 पौंडच होती. तेवढ्यावर खोलीची अनामतही भागत नाही, आणि नोकरीच्या अर्जावर शिक्षेविषयीचा रकाना दिसला की पुढचे दार बंद होते.

तरीही एक आक्षेप नोंदवावासा वाटतो. कंपनी माणसे निवडून घेते : स्वभाव पाहते, कामाची ओढ पाहते आणि लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्यांना घेत नाही. धंद्याच्या दृष्टीने हे समजण्यासारखे आहे. पण ज्यांच्या स्वभावालाच तुरुंगाने वाकडे वळण लावले, त्यांना बाहेर आधाराची सर्वाधिक गरज असूनही ते या चाळणीतून खाली पडतात. जुलै 2024 पासून ब्रिटनचे तुरुंगमंत्री असलेल्या जेम्स टिम्पसन यांच्यापुढे आता निवडलेली नव्हे, तर सगळीच माणसे आहेत.

माझी किल्ली करणारा गृहस्थ तुरुंगात होता की नव्हता, हे मला ठाऊक नाही. दुकानात तसा फलक नाही आणि मी विचारलेले नाही. साताऱ्याहून आलेल्या आईला ही हकीकत सांगितली, तेव्हा तिचा पहिला प्रश्न होता, ‘अरे, आपल्या किल्लीची एखादी नक्कल त्याने ठेवून घेतली तर?’ मी म्हटले, ‘आई, त्याला आपला पत्ता कुठे ठाऊक आहे?’ तिचे समाधान झाले नाही. मात्र चार दिवसांनी तिच्या चपलेचा अंगठा निघाला, तेव्हा ती पिशवीत घेऊन माझ्याबरोबर निघाली आणि चप्पल शिवून होईपर्यंत त्या माणसाच्या हातांकडे बारकाईने पाहत उभी राहिली.

जाणाऱ्यांनी मूळ किल्लीच न्यावी. ज्या शाखांत कपडे धुण्याची सोय आहे, तेथे बेरोजगार व्यक्तीचे मुलाखतीचे कपडे विनामूल्य धुऊन मिळतात, हेही नव्याने आलेल्यांनी लक्षात ठेवावे.