विद्यार्थी मंडळासाठी लेझर अंतरमापक : लिंबच्या विहिरीवरील अनुभव

साताऱ्यातील आमच्या महाविद्यालयाच्या वास्तुकला मंडळाचे काम गेली दोन वर्षे मी पाहत आहे. गेल्या वर्षी सदस्यांच्या वर्गणीतून आम्ही ४० मीटर पल्ल्याचा एक लेझर अंतरमापक घेतला. वर्षभराच्या वर्गणीचा जवळजवळ निम्मा भाग त्यात गेला, म्हणून अशाच विचारात असलेल्या इतर मंडळांसाठी हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे सांगितलेले गुणदोष या वर्गातील बहुतेक यंत्रांना लागू पडतात.

यंत्राची खरी परीक्षा झाली ती साताऱ्याजवळच्या लिंब गावातील बारामोटेच्या विहिरीवर. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतलेली ही अष्टकोनी विहीर सुमारे ११० फूट खोल आणि ५० फूट व्यासाची सांगितली जाते, आणि एका वेळी बारा मोटा चालवण्याची तिची सोय आजही काठावर ओळखता येते. देशभरातील वास्तुकला विद्यार्थ्यांच्या ‘नासा इंडिया’ या संघटनेच्या लुई कान ट्रॉफीसाठी जुन्या वास्तूंचे मोजमाप आणि दस्तऐवजीकरण करावे लागते. त्याचा सराव म्हणून आम्ही ही विहीर निवडली होती.

अष्टकोनाच्या आठही बाजू मोजल्या तरी त्याचा आकार निश्चित होत नाही, कारण बाजू तेवढ्याच ठेवून कोन बदलता येतात. आकार पक्का करण्यासाठी आठ बाजूंखेरीज किमान पाच कर्ण लागतात, म्हणजे एकूण १३ मापे, आणि पडताळणीसाठी आणखी दोन-तीन घेतलेली बरी. हे कर्ण विहिरीच्या उघड्या तोंडावरून जातात. आदल्या वर्षी टेप वापरला तेव्हा दोन्ही काठांवर दोघांना वाकून उभे राहावे लागले, मध्ये टेपला झोळ पडत होता आणि तोच कर्ण तीनदा मोजला तर तीन वेगवेगळी मापे मिळत होती. त्यापेक्षाही मनाला लागलेली गोष्ट अशी की, दुसऱ्या वर्षाची मुले काठाकडे जायला घाबरत होती आणि त्यांना पुढे पाठवायची माझीही तयारी नव्हती. लेझरमुळे ही अडचण बहुतांशी संपली. एक जण सुरक्षित जागी बसून यंत्र धरतो, दुसरा समोरच्या कोपऱ्यावर पांढरे पुठ्ठ्याचे पान धरतो, आणि माप काही सेकंदांत मिळते. पुठ्ठा मात्र लागतोच, कारण दगडाची झिजलेली कड किरणाला नीट सापडत नाही, आणि ओला काळा बेसाल्ट इतका कमी प्रकाश परत पाठवतो की यंत्र अनेकदा चूक दाखवून थांबते.

अचूकतेबद्दल विद्यार्थ्यांत उगाच काळजी असते. या यंत्राची चूक दीड ते दोन मिलिमीटर धरली, तर १:५० प्रमाणातल्या नकाशावर ती ०.०३ ते ०.०४ मिलिमीटर भरते, म्हणजे आपल्या सर्वांत बारीक पेनाच्या रेषेहूनही कमी. खरी चूक माणसाकडून होते. यंत्र माप पुढच्या टोकापासून घेते आहे की मागच्या, हे पडद्यावरील लहानशा चिन्हावरूनच कळते, आणि ते न पाहिल्यास प्रत्येक मापात यंत्राच्या लांबीएवढा, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटरचा, फरक पडतो. विहिरीतच बांधलेल्या छोट्या महालाची आमची पहिल्या दिवसाची सगळी मापे या एका चुकीमुळे पुन्हा घ्यावी लागली. तेव्हापासून आमच्या मोजणीच्या वहीत प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘मागील टोक’ असे आधी लिहिले जाते आणि मगच पहिले माप येते.

पायथागोरसच्या सूत्राने उंची काढण्याची सोयही यात आहे, परंतु तिच्यावर मी विसंबत नाही. आडवा धरायचा किरण दोन अंशांनी कलला, तरी दहा मीटरवरील भिंतीवर त्याचा बिंदू जवळजवळ ३५ सेंटिमीटर सरकतो आणि सगळा हिशेब बिघडतो. उंचीसाठी वरून सोडलेला ओळंबा आणि त्याच्या दोरीला लावलेला टेप हाच आमचा मार्ग राहिला आहे. पाण्याच्या पृष्ठभागावरही किरणाचे माप भरवशाचे नसते. दुपारच्या उन्हात दहा-बारा मीटरपलीकडे लाल ठिपका डोळ्यांना दिसत नाही, त्यामुळे उघड्यावरील कर्ण आम्ही सकाळी साडेसातपूर्वी संपवतो आणि ऊन चढल्यावर सावलीतल्या महालाकडे वळतो. किरण कुणाच्याही डोळ्यांवर जाऊ नये, ही सूचना काठावर विहीर पाहायला आलेल्या गावकऱ्यांनाही आठवणीने द्यावी लागते.

मंडळाच्या दृष्टीने माझा आग्रह एवढाच आहे की, नव्या सदस्यांच्या हाती पहिल्याच दिवशी हे यंत्र देऊ नये. आधी दोन खोल्या टेपने, कर्णांसह मोजून त्यांच्याकडून नकाशा काढून घ्यावा. कर्ण का लागतो हे ज्याला हाताने कळले आहे, त्याच्याच हातात यंत्र उपयोगी पडते. देखभालीसाठी नोंदवही ठेवावी, सुट्टीत सेल काढून ठेवावेत आणि प्रत्येक मोहिमेपूर्वी ठरलेले एक अंतर टेपने व लेझरने मोजून जुळवून पाहावे. आम्ही त्यासाठी कार्यशाळेतील एका लांब टेबलाची कड ठरवली आहे.

या मर्यादा धरूनही मंडळाच्या पैशांतून ही खरेदी करावी, असे माझे मत आहे, कारण टेपची दोन टोके धरण्यात अडकलेले सदस्य आता कोरीव खांब पाहत बसून चित्रे काढू शकतात. पाण्याखालच्या बांधकामाची मापे अजून राहिली आहेत. मे महिन्यात पाणी उतरले की ओळंबा आणि टेप घेऊन आम्ही पुन्हा लिंबला जाणार आहोत.