नऊ महिने क्राउडफंडिंगला पैसे लावून बघितले, त्याचा अनुभव

आधीच सांगतो, मी काय मोठा दानशूर नाही. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघतो, त्यामुळे पैसा कुठून निघाला आणि कुठं किती कापला गेला हे बघायची खोड आहे, तेवढ्यावरच हे लिहितोय. क्राउडफंडिंग म्हणजे बऱ्याच लोकांनी थोडे थोडे पैसे देऊन कुणाचं तरी काम उभं करायचं. गेल्या जूनपासून तीन ठिकाणी पैसे लावले. किकस्टार्टरवर (या साइटवर वस्तू बनायच्या आधीच पैसे द्यायचे) एका अमेरिकन माणसाच्या रेल्वेवरच्या बोर्ड गेमला, पेट्रिऑनवर एका चित्रकाराला महिन्याला 5 डॉलर, आणि इतिहासावर पॉडकास्ट करणाऱ्या एका मराठी मुलाला महिन्याला 99 रुपये.

किकस्टार्टरचं आधी. प्लेज केलं, म्हणजे अमुक रक्कम देतो असं कबूल केलं, की लगेच पैसे जात नाहीत, हे मला माहितीच नव्हतं. ३९ डॉलरचं प्लेज टाकलं आणि दोन दिवस बँकेच्या मेसेजची वाट बघत बसलो. तिथं सगळं किंवा काहीच नाही असा प्रकार आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत (जास्तीत जास्त 60 दिवस) ठरलेली रक्कम जमली तरच सगळ्यांच्या कार्डावरून पैसे जातात, नाहीतर कुणाचा एक रुपया पण कापत नाहीत. मुदत संपेपर्यंत तुम्ही प्लेज कमी करा, वाढवा, काढून घ्या, काय फरक पडत नाही, फक्त शेवटच्या 24 तासांत त्यामुळे ठरलेली रक्कम अपुरी पडणार असेल तर काढता येत नाही. माझे पैसे 24 दिवसांनी गेले आणि त्या दिवसाच्या डॉलरच्या भावाने गेले. तेव्हा डॉलर 86 च्या आसपास, म्हणजे 3354 रुपये, त्यावर माझ्या बँकेचा साडेतीन टक्के फॉरेक्स मार्कअप (डॉलरमध्ये पैसे गेले की बँक वरून लावते तो आकार) 117 आणि त्या मार्कअपवर 18 टक्के जीएसटी 21, झाले साधारण 3492. हे वरचे 138 रुपये गेम बनवणाऱ्याला मिळत नाहीत बरं का. आणि त्याला जे मिळतात त्यातून किकस्टार्टर 5 टक्के घेतं, पेमेंटवाले वेगळे 3 टक्के आणि प्रत्येक प्लेजमागे 20 सेंट. बरं, शिपिंग यात नाहीच! ते चार महिन्यांनी प्लेज मॅनेजर नावाचं एक पान येतं, त्यात पत्ता भरताना घेतात. माझे 18 डॉलर गेले. म्हणजे अर्ध्या किमतीएवढं भाडंच झालं की ओ. नवीन माणसाने पहिल्या दिवशीच खाली जाऊन शिपिंगचा तक्ता बघावा, भारत ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’मध्ये असतो.

अजून एक, आपल्याकडच्या माणसाला तिथं पैसे देता येतात पण स्वतःचा प्रोजेक्ट टाकता येत नाही, भारत त्यांच्या यादीत नाही. मला हे जरा लागलं खरं, कारण सोलापुरात चादरीवरच्या डिझाइनचं पुस्तक काढायचं असलं तर त्या माणसाने काय करायचं.

गेम डिसेंबरात येणार होता. डिसेंबर गेला, जानेवारीतली सोलापूरची गड्डा यात्रा संपली, पाळणे उतरवून ट्रकमध्ये भरले तरी पार्सलचा पत्ता नाही. अपडेट मात्र यायचे, गेममधल्या रेल्वेच्या लाकडी डब्यांचा रंग चुकला म्हणून परत छापले वगैरे, आणि मी ते न वाचता चिडायचो. ऑफिसात आमचे अण्णा आहेत, पद्मशाली, मंडळाचे खजिनदार. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाले, “पैसे आधी दिलास, वस्तू कधी येईल माहीत नाही, पावती फोनवर. अरे मग ही वर्गणी झाली की, तू ऑर्डर समजून बसलास.” मला आधी राग आला पण ते खरं बोलले. किकस्टार्टरने स्वतः 2012 लाच जाहीर करून टाकलं होतं की हे दुकान नव्हे. आणि 2015 मध्ये पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या ईथन मॉलिकने हजारो बॅकर्सना, म्हणजे पैसे लावणाऱ्यांना, विचारून अभ्यास केला त्यात पैसे जमलेल्या प्रोजेक्टपैकी साधारण 9 टक्के जणांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नाही असं निघालं. म्हणजे अकरातलं एक बुडीत धरून चालायचं. उशीर तर नेहमीचाच. त्यानंतर मी एक नियम केला, दिलेली रक्कम त्याच दिवशी खर्चात टाकायची, येणे बाकीत दाखवायची नाही. झोप लागायला लागली.

पेट्रिऑनचं वेगळं, तिथं वस्तू नाही, दर महिन्याला पैसे आणि त्या बदल्यात चित्र कसं काढलं त्याचे व्हिडिओ. पहिला महिना गेला, दुसऱ्याला पेमेंट फेल. तिसऱ्याला परत फेल. बँकेत फोन केला तर कस्टमर केअरवाली म्हणते इंटरनॅशनल चालू आहे ना सर, मग जाईल. जात नव्हतं! 1 ऑक्टोबर 2021 पासून रिझर्व्ह बँकेचा नियम आहे की कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जायचे असतील तर आधी ई-मँडेट म्हणजे तशी परवानगी पाहिजे, ओटीपी टाकून केलेली, आणि कापायच्या 24 तास आधी मेसेज पाहिजे. नियम चांगलाच आहे, पण माझ्या बँकेचं डेबिट कार्ड परदेशी साइटवर ते मँडेट बनवतच नव्हतं. शेवटी दुसऱ्या बँकेचं क्रेडिट कार्ड टाकलं, तेव्हापासून सुरळीत. मधले दोन महिने त्या चित्रकाराला वाटलं असेल हा पळाला. आणि आयफोन असेल तर ॲपमधून मेंबरशिप घेऊ नका, ब्राउझरमधून घ्या, ॲपमध्ये ॲपलचे 30 टक्के मध्ये येतात.

मराठी पॉडकास्टवाल्याचं सगळ्यात सोपं, यूपीआय ऑटोपे, एकदा पिन टाकला की झालं. मध्ये त्याने परीक्षेमुळे दोन महिने काहीच टाकलं नाही आणि 99 जातच राहिले, बंद करायचं तर यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेच्या यादीत जाऊन दोन मिनिटांत होतं, मी गेलो पण होतो. पण कमेंटला हा पोरगा मराठीत सविस्तर उत्तर देतो, म्हणून राहू दिलं.

गेम मार्चच्या पहिल्या आठवड्यात आला. पोस्टमन दुपारी दारात, कस्टम ड्युटी भरा म्हणाला, घरी आई एकटी, तिने डाळीच्या डब्यातले पैसे काढून दिले आणि मला फोन करून विचारलं की पैसे देऊन आणलंस का पैसे देऊन सोडवलंस. गेमचा डबा मात्र सुरेख, लाकडी इंजिनं, सिग्नल, रूलबुकच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात बॅकर्सची नावं, त्यात माझं. बाबा सोलापूर डिव्हिजनमध्ये स्टेशन मास्तर होते, आता रिटायर. त्यांनी चष्मा लावला आणि नियम वाचायला मला लावलं, मी मराठीत सांगत गेलो, आणि चौथ्या पानावर त्यांनी हात वर केला. “सिंगल लाइनला दोन्हीकडून एकदम गाड्या स्टेशनात घ्यायलाय हा? लूपला सँड हंप कुठाय? ठोकतील की बे!” (लूप म्हणजे स्टेशनात गाडी बाजूला घ्यायची लाइन, आणि सँड हंप म्हणजे तिच्या टोकाचा वाळूचा ढीग, गाडी थांबली नाही तर त्यात रुतते.)

बाबांनी पिच्छाच पुरवला म्हणून मी गेम बनवणाऱ्याला मेसेज टाकला, मला वाटलं कोण उत्तर देतंय. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर. तुमच्या वडिलांना विचारा, त्यांच्याकडे समोरासमोरच्या गाड्यांचं क्रॉसिंग कसं करायचे, जमलं तर आकृती काढून पाठवा, पुढच्या आवृत्तीत पर्यायी नियम म्हणून घालतो. बाबांनी कालनिर्णयच्या पानामागे पट्टी घेऊन मेन लाइन, लूप, दोन्ही टोकांचे सिग्नल असं सगळं काढून दिलंय, खाली तारखेसकट सही. फोटो काढून पाठवायचा राहिलाय, रोज जेवताना विचारतात.