प्रवासी सिम: डेटा उरतो, दिवस संपतात

‘सात दिवसांचा पॅक’ म्हणजे नेमके किती तास, हे कंपन्या कधीच ठळक अक्षरांत लिहीत नाहीत. गेले काही महिने स्थानिक सिम आणि प्रवासी ई-सिम (कार्डाशिवाय, थेट फोनमध्ये डाउनलोड होणारं सिम) आलटून-पालटून वापरतोय, आणि माझा सगळा राग या एकाच गोष्टीवर आहे. कुणाचं घड्याळ ई-सिम फोनमध्ये टाकल्याक्षणी सुरू होतं, कुणाचं तिथलं नेटवर्क पकडल्यावर. कुणाचा दिवस सरळ २४ तासांचा, तर कुणाचा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्री संपणारा. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे जपानमधले सकाळचे ९! पहाटे टोकियोत उतरून पॅक चालू केलात, तर पहिला दिवस नाश्त्यापर्यंत खलास.

माझा निम्म्याहून जास्त डेटा शिल्लक असताना पॅक बंद पडला. चॅटवर उत्तर आलं, ‘वैधता संपली आहे, कृपया टॉप-अप घ्या.’ शब्द फिरवून पुन्हा विचारलं, तर तेच वाक्य पुन्हा चिकटवलं. पैसे मी जीबीचे मोजले होते, तारखांचे नाही.

एका बाबतीत मात्र मत बदललं. यातल्या बऱ्याच ई-सिमचा डेटा तिसऱ्याच देशातून वळसा घालून येतो. त्यामुळे कॉल अडखळतात, साइट भलत्याच भाषेत उघडतात, आणि मी त्यावर सतत कुरकुरत असे. चीनमध्ये हाच वळसा कामी आला. तिथल्या स्थानिक सिमवर गूगल आणि व्हॉट्सॲप अडवलेलं असतं. माझ्या ई-सिमचा रोमिंगवरचा डेटा चीनबाहेरून जात असल्यामुळे व्हीपीएनसारख्या अडथळा चुकवणाऱ्या ॲपशिवाय सगळं चाललं. तेव्हापासून कुरकुर बंद.

मुक्काम लांबला तर स्थानिक सिमच परवडतं, शिवाय तिथला नंबर मिळतो. पण जर्मनीत जुलै २०१७ पासून प्रीपेडलाही ओळखपत्राची पडताळणी लागते, आणि तुर्कस्तानात स्थानिक सिम घातलेला परदेशी फोन नोंदणी न केल्यास १२० दिवसांनी ब्लॉक होतो. युरोपीय संघातल्या एका देशाचं सिम संघातल्या इतर देशांतही जादा रोमिंगशुल्काशिवाय चालतं, स्वित्झर्लंड त्यात नाही. रेल्वेने तिकडे शिरण्याआधी पॅकमधली देशांची यादी वाचा.

‘अनलिमिटेड’च्या नादी मी लागत नाही, रोजचा ठरावीक डेटा संपला की वेग रांगायला लागतो. मोजक्या जीबीचा, ३० दिवसांचा पॅक घेतो. घरचं सिम ओटीपीसाठी चालू, त्याचं डेटा रोमिंग बंद. आणि नेट अडलं म्हणून चिडून ई-सिम डिलीट करू नका, ते टाकायचा क्यूआर कोड बहुतेक वेळा एकदाच चालतो. आधी एपीएन, म्हणजे फोनमधलं मोबाइल इंटरनेटचं सेटिंग, तपासा.