घरच्या गॅरेजसाठी सिझर लिफ्ट : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

नेरुळला खाडीच्या बाजूला असलेल्या आमच्या रो हाउसच्या गॅरेजमध्ये गेल्या जानेवारीत मी मध्यम उंचीची, ३ टन क्षमतेची हायड्रॉलिक सिझर लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबावर कात्रीसारख्या पात्यांनी गाडी वर उचलणारे यंत्र, बसवून घेतले. वडिलांनी घेतलेली प्रीमियर पद्मिनी मी स्वतः सांभाळतो. या गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनला ठरावीक अंतरानंतर ग्रीस द्यावे लागते आणि खालचा पत्रा सतत डोळ्यांखाली ठेवावा लागतो. जॅक आणि स्टँडवर गाडी चढवून जमिनीवर आडवे होऊन ही कामे मी वर्षानुवर्षे केली, परंतु पन्नाशी उलटल्यावर खांदे आणि मान यांनी नकार दिला, आणि लिफ्टचा विचार गंभीरपणे सुरू झाला.

गाडीखाली उभे राहून काम करण्यासाठी खड्डा खणून पिट करावा, असा सल्ला अनेकांनी दिला. आमचा भाग भरावाचा असल्यामुळे पावसाळ्यात जमिनीतील पाण्याची पातळी फार वर येते आणि असा खड्डा चार महिने पाण्याने भरलेला राहील, हे पहिले कारण मला पुरेसे होते. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खड्ड्यात साचते आणि हँडलॅम्पची एक ठिणगी तिला पुरते. बंदिस्त घरगुती गॅरेजमध्ये हा धोका पत्करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिफ्ट पाहायला निघालेला माणूस आधी टनांचा आकडा विचारतो, आणि मीही तेच केले. वास्तविक पद्मिनीचे वजन ९०० किलोच्या आसपास आहे, त्यामुळे क्षमतेचा प्रश्न माझ्यापुरता जवळजवळ नव्हताच. निर्णय घेतला तो छताने आणि जमिनीने. आमच्या गॅरेजच्या स्लॅबची उंची ३.०५ मीटर आहे, पण गाडी जिथे उभी राहते तिथे आडवा बीम जातो आणि त्याच्याखाली २.७५ मीटरच उरतात. दीड मीटर उंचीची गाडी तेथे फार तर सव्वा मीटर वर जाऊ शकते, आणि त्यातही वर चार बोटे मोकळी राहायला हवीत. ज्या टू-पोस्ट, म्हणजे दोन बाजूंच्या दोन खांबांवरून गाडी उचलणाऱ्या, लिफ्टचा आडवा दांडा खांबांच्या वरून जातो, तिला साधारण साडेतीन मीटरच्या पुढे उंची लागते. जमिनीवर पट्टी असलेला तिचा ठेंगणा प्रकार मिळतो, परंतु १.८ मीटर उचलणाऱ्या यंत्राचे पैसे देऊन ते मध्येच थांबवत राहण्यात मला अर्थ दिसला नाही. त्यामुळे सुमारे १ मीटर उचलणारी सिझर लिफ्ट निश्चित केली. मोजमाप घेताना टेप स्लॅबला लावू नये, बीमला लावावी, आणि पंखा, ट्यूबलाइट व गॅरेजच्या शटरचा गुंडाळलेला ड्रम यांचीही नोंद घ्यावी, एवढे आग्रहाने सांगतो.

जमिनीचे प्रकरण मात्र मी आयुष्यभर लक्षात ठेवीन. घर बांधताना घातलेले काँक्रीट चार इंचांचे असेल, असे मी धरून चाललो होतो. कोपऱ्यात छोटे भोक पाडून पाहिले तेव्हा जेमतेम अडीच इंचांचा थर आणि त्याखाली सैल झालेले रबल सोलिंग (दगडांचा थर) निघाले, एका ठिकाणी तर भराव खचून मध्ये पोकळी झाली होती. गाडी चाकांवर उभी असताना तिचे वजन चार ठिकाणी विभागलेले असते. लिफ्टवर चढल्यावर तेच वजन, लिफ्टच्या स्वतःच्या वजनासह, छोट्या पायावर एकवटते. जुनी जमीन फोडून, सोलिंग धुमसून, सळईची जाळी टाकून सहा इंच जाडीचे एम-२५ दर्जाचे काँक्रीट घालून घेतले आणि गोणपाट अंथरून त्यावर पाणी मारत राहिलो. काँक्रीटची घोषित ताकद २८ दिवसांनी गृहीत धरतात, म्हणून कंत्राटदार दहाव्या दिवशीच यंत्र आणतो म्हणत असतानाही मी थांबलो. ज्यांना टू-पोस्ट बसवायची आहे त्यांच्यासाठी तर ही अट जीवनमरणाची आहे, कारण तेथे गाडीच्या भाराने उलटू पाहणारे खांब केवळ अँकर बोल्टांच्या आधारावर उभे असतात.

विजेच्या बाबतीत माझी चूक झाली. मोटर २.२ किलोवॉटची, सिंगल फेजवर चालणारी. चालू असताना ती सुमारे १४ अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या कित्येक पट विद्युतप्रवाह खेचते. वॉशिंग मशीनच्या लाइनवर ती जोडल्यावर पहिल्याच दिवशी एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) पडला. नंतर मीटरपासून ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरची स्वतंत्र लाइन ओढली, मोटर सुरू होतानाचा झटका सोसणारा सी प्रकारचा एमसीबी आणि विजेचा धक्का बसण्यापासून वाचवणारा आरसीसीबी बसवला आणि महावितरणकडे मंजूर भार वाढवून घेतला. फरशी आणि वायरिंग मिळून खर्च लिफ्टच्या किमतीच्या जवळजवळ एक तृतीयांश झाला.

वापराच्या पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकलो. लिफ्टचे रबरी पॅड गाडीच्या सिलखाली, म्हणजे दारांखालच्या लांब पट्टीखाली, येतात, आणि खाडीच्या खाऱ्या हवेत जुन्या गाडीचे नेमके सिलच आतून गंजलेले असते. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत गेल्यावर डाव्या बाजूला बद्द आवाज आला. रंगाखाली पत्रा पापुद्र्यासारखा झाला होता. पत्रा बदलून वेल्डिंग होईपर्यंत मी गाडी उचलली नाही. आता दर वेळी चाके जमिनीपासून वीतभर सुटली की थांबतो, गाडी हाताने हलवून पाहतो, चारही पॅड तपासतो आणि मगच पुढे उचलतो. वर नेल्यावर लिफ्ट तेलाच्या दाबावर सोडत नाही. थोडी खाली आणून यांत्रिक लॉकवर टेकवतो. तेलाची नळी (होस) फुटली किंवा तेल अडवणारे रबरी सील गेले तरी गाडी तेथेच राहते.

याच लॉकने जुलैमध्ये वेगळा प्रसंग दाखवला. मुसळधार पावसात वीज गेली तेव्हा गाडी लॉकवर होती. लॉक सोडवण्यासाठी लिफ्ट आधी थोडी वर उचलावी लागते आणि त्यासाठी मोटर लागते. साडेचार तास गाडी वरच राहिली. गाडी सुरक्षित होती, परंतु घरात कोणाला तातडीने दवाखान्यात न्यायचे असते तर काय झाले असते, या विचाराने मी अस्वस्थ झालो. वीज नसतानाही हाताने तेलाचा दाब देता येईल अशा हातपंपाची सोय असलेले पॉवर युनिट (मोटर आणि पंपाचा संच) थोडे महाग मिळते. वारंवार वीज जाणाऱ्या आपल्या भागात ते घ्यावेच.

देखभाल फारशी नाही. आयएसओ ४६ दर्जाचे हायड्रॉलिक तेल वापरतो, त्याची पातळी लिफ्ट पूर्ण खाली असताना पाहतो आणि पिनांना महिन्यातून एकदा ग्रीस देतो. एप्रिलमध्ये एका जोडणीतून तेल पाझरू लागले. विक्रेत्याचा माणूस तीन आठवडे आला नाही. शेवटी वॉशरचे माप घेऊन तो तुर्भ्यातून मी स्वतः आणला. सिलिंडरच्या सीलची मापे खरेदीपूर्वीच लेखी मागून ठेवावीत.

या प्रकाराची खरी मर्यादा म्हणजे गाडीच्या मधोमध येणारा लिफ्टचा सांगाडा. ब्रेक, सस्पेन्शन, चाके, पत्रा आणि रंग यांसाठी मी पूर्ण समाधानी आहे. पण ऑगस्टमध्ये क्लच प्लेट बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवायचा होता, आणि नेमक्या त्याच्या खाली लिफ्टच्या कात्र्या उभ्या होत्या. ते काम बाहेरच्या गॅरेजात टू-पोस्टवर करून घेतले. ज्यांची जागा उंच आहे आणि ज्यांना गिअरबॉक्सपर्यंतची कामे घरी करायची आहेत, त्यांनी टू-पोस्टच घ्यावी. माझ्या २.७५ मीटरमध्ये मी पुन्हा हीच घेईन, फक्त या वेळी हातपंपासह. तो पंप आता वेगळा मागवला आहे आणि दिवाळीपूर्वी बसेल.