आई-बाबांच्या मेंदूच्या रक्तवाहिन्या: कोणती तपासणी कुणासाठी?

साठी-सत्तरीतल्या आई-वडिलांची एकदा सगळी तपासणी करून घेऊ म्हटलं, की पॅकेजच्या यादीत हल्ली तीन नावं दिसतात: रक्तवाहिन्यांचा कडकपणा मोजणारी चाचणी, मानेचा डॉप्लर (मानेतल्या धमन्यांची सोनोग्राफी) आणि मेंदूचा एमआरआय. तिन्ही पक्षाघात टाळण्यासाठी म्हणून सांगितल्या जातात, पण प्रत्येकीत दिसतं ते वेगळंच. एकीचा रिपोर्ट चांगला आला म्हणून दुसरीची काळजी मिटत नाही. या यादीत मी चौथं नाव घालेन आणि तेच सगळ्यात वर ठेवेन: घरातलं बीपीचं मशीन.

आधी आजार समजून घेऊ. हृदयातून निघणारी महाधमनी तरुणपणी लवचिक असते. प्रत्येक ठोक्याला ती थोडी फुगते आणि धक्का स्वतःत जिरवते. वय, वर्षानुवर्षांचा वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांमुळे तिच्या भिंती कडक होतात आणि ठोक्याचा धक्का जिरता जिरत नाही. मेंदूला सतत भरपूर रक्त लागतं, त्यामुळे त्याच्या रक्तवाहिन्या फारसा अडथळा न करता ते आत घेतात. साहजिकच हा धक्काही खोलवरच्या बारीक धमन्यांपर्यंत पोचतो. तिथली झीज एमआरआयवर पांढऱ्या डागांच्या, जुन्या छोट्या इजांच्या किंवा सूक्ष्म रक्तस्रावाच्या रूपात दिसते.

दुसरा आजार मोठ्या धमन्यांचा. त्यांच्या आत चरबीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते. युरोपीय वंशाच्या लोकांत हे जास्त करून मानेत आढळतं; आशियाई लोकांत, आपणही त्यात आलो, कवटीच्या आतल्या धमन्या अरुंद होण्याचं प्रमाण जास्त आहे. निवड करताना हा फरक फार महत्त्वाचा ठरतो.

बीपीचं मशीन

एकाचं बीपी १६०/९५ आणि दुसऱ्याचं १६०/६५. घरोघरी दुसऱ्याला दिलासा दिला जातो, "खालचं तर छान आहे!" उतारवयात हा दिलासा चुकीचा आहे. वरच्या आणि खालच्या आकड्यातलं अंतर जितकं मोठं, तितका मोठ्या धमन्यांचा कडकपणा जास्त असण्याची शक्यता. ज्येष्ठांमध्ये हे अंतर ६० किंवा त्याहून जास्त राहत असेल, तर डॉक्टरांना ते मुद्दाम सांगावं. फक्त वरचं बीपी वाढलेलं असताना औषध देऊन काय साधतं, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या 'शेप' अभ्यासात दिसलं. वय ६० च्या पुढे, वरचं बीपी १६० किंवा जास्त, खालचं ९० च्या आत, अशा लोकांत औषधाने पक्षाघात ३६ टक्क्यांनी कमी झाले. म्हातारपणी बीपी थोडं वाढणारच म्हणून सोडून देणाऱ्यांना मी हाच आकडा सांगते.

मोजायची पद्धत मात्र नेमकी हवी. माझी आई भाजी निवडता निवडता दंड पुढे करायची आणि शेजारच्या काकूंशी बोलणंही चालूच. असा आकडा सहज वर जातो. लघवीला जाऊन यावं, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसावं, दंड हृदयाच्या उंचीला ठेवावा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजावं. असं सकाळ-संध्याकाळ सात दिवस मोजायचं, पहिला दिवस सोडून द्यायचा आणि बाकीच्यांची सरासरी काढायची. घरी ती १३५/८५ किंवा त्याहून जास्त निघाली, तर बीपी वाढलेलं मानतात. मनगटापेक्षा दंडाचं मशीन घ्यावं, पट्टा दंडाच्या घेराला बसणारा असावा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत पुन्हा एकदा मोजावं. वरचा आकडा २० ने पडत असेल, तर औषध वाढवण्याआधी डॉक्टरांना ते कळायला हवं, कारण चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

कडकपणाची चाचणी

यात नाडीची लाट मानेपासून जांघेपर्यंत किती वेगाने जाते ते मोजतात. धमनी जितकी कडक, तितकी लाट वेगवान. सेकंदाला १० मीटरपेक्षा जास्त वेग धोक्याचा धरतात. चाचणीत सुई नाही, किरण नाहीत. पण दंड आणि घोट्याला पट्टे बांधणारी मशीनं वेगळा, मोठा आकडा देतात. दोन ठिकाणचे रिपोर्ट शेजारी ठेवून घाबरू नये. आणि मेंदूतली धमनी अरुंद आहे का, हे ही चाचणी सांगूच शकत नाही. पन्नाशीच्या आसपास बीपी काठावर असेल आणि औषध सुरू करावं की नाही अशी शंका असेल, तर तिचा उपयोग होतो. पंचाहत्तरीच्या, आधीच बीपीची गोळी घेणाऱ्या माणसाचे उपचार तिने क्वचितच बदलतात. तिथे मी पैसे घालणार नाही.

मानेचा डॉप्लर

काहीच त्रास नसताना तो सरसकट करू नये, असं अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं. शिवाय तो मानेपुरताच. कवटीच्या आतलं त्यात दिसत नाही. मात्र हात काही मिनिटं लुळा पडला, बोलणं अडखळलं किंवा एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखं झालं आणि मग सगळं ठीक झालं, तर थांबू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. तिथे मानेच्या धमनीची तपासणी तातडीची असते.

एमआरआय आणि अँजिओग्राफी

साध्या एमआरआयमध्ये बारीक धमन्यांची झीज दिसते. अरुंद धमनी बघायची तर सोबत एमआर अँजिओग्राफी, म्हणजे एमआरआय मशीनवरच धमन्यांचं चित्र काढणारी तपासणी, लिहून घ्यावी लागते. ती बहुतेक वेळा रंगद्रव्याशिवाय होते, त्यामुळे किडनी नाजूक असलेल्यांना सोयीची. मात्र अरुंदपणा आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याची तिची खोड आहे. पेसमेकर असेल तर आधी सांगायलाच हवं. चाल मंदावली, छोटी पावलं पडायला लागली, लघवी आवरेना, रोजचे हिशेब जमेनात, तर हा खर्च योग्य. यातलं काही नसताना रिपोर्टमध्ये 'फाझेकास १' (पांढऱ्या डागांचं प्रमाण ० ते ३ मध्ये सांगणारी श्रेणी) दिसलं, तर सत्तरीत ते सर्रास आढळतं. २ किंवा ३ असेल, तर बीपीचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आतली धमनी अरुंद निघाली की घरच्यांचा पहिला प्रश्न स्टेंटचा असतो. २०११ च्या 'सॅम्प्रिस' अभ्यासात ७० ते ९९ टक्के अरुंद धमनीमुळे नुकताच पक्षाघाताचा किंवा तात्पुरता, काही वेळात बरा झालेला तसाच झटका येऊन गेलेले रुग्ण होते. पहिल्या ३० दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण स्टेंटच्या गटात १४.७ टक्के, तर फक्त कसून औषधोपचार केलेल्या गटात ५.८ टक्के होतं. म्हणून स्टेंट सुचवला गेला, तर औषधं पूर्ण मात्रेत देऊन पाहिली आहेत का, हे आधी विचारा आणि दुसऱ्या न्यूरॉलॉजिस्टचं मत घ्या. झटका कधीच आला नसेल, तर शेजाऱ्यांच्या सल्ल्याने ॲस्पिरिनही सुरू करू नका: २०१८ च्या 'ॲस्प्री' अभ्यासात निरोगी ज्येष्ठांना तिचा फायदा झाला नाही, मोठा रक्तस्राव मात्र वाढला.