१४५ ग्रे आणि २७ ग्रे : डोसची तुलना समजावून देणारा सल्ला

निपाणीच्या माझ्या थोरल्या बंधूंना प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी दोन ठिकाणांहून ब्रॅकीथेरपीचे, म्हणजे किरणोत्सारी स्रोत थेट ग्रंथीत ठेवून करायच्या उपचाराचे, दोन आराखडे मिळाले. एकात आयोडीन-१२५ च्या तांदळाएवढ्या सीड्स ग्रंथीत कायमच्या ठेवून १४५ ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषलेल्या किरणोत्साराचे माप) डोस द्यायचा होता, तर दुसऱ्यात इरिडियम-१९२ चा तीव्र स्रोत सुयांवाटे काही मिनिटे आत नेऊन १३.५ ग्रेच्या दोन बैठका, म्हणजे एकूण २७ ग्रे. कमी आकडा म्हणजे सौम्य उपचार, असे आम्ही घरात ठरवूनही टाकले होते. बेळगावातील एका रुग्णालयाच्या मेडिकल फिजिसिस्ट, म्हणजे किरणोपचाराच्या डोसचा हिशेब करणाऱ्या, मॅडमनी हा समज दूर केला.

आयोडीनचे अर्धायुष्य सुमारे ५९ दिवसांचे असल्याने तो डोस सुरुवातीला ताशी जेमतेम ७ सेंटिग्रे (०.०७ ग्रे) या गतीने पडतो आणि निम्मा व्हायलाच दोन महिने जातात. एका तासात कोसळलेला पाऊस आणि महिनाभराची झड यांचे मिलिमीटर सारखे भरले, तरी तंबाखूच्या रोपाला ते सारखे नसतात, असे त्यांनी सांगितले तेव्हा बंधूंचा चेहरा उजळला. मॅडमची मातृभाषा कन्नड, पण हे सारे त्यांनी मराठीत सांगितले.

मग त्यांनी जैविक परिणामाचा डोस कागदावर मांडला. प्रोस्टेटच्या पेशींसाठी अल्फा-बीटा गुणोत्तर (ते जितके कमी, तितका मोठ्या बैठकांचा पेशींवर परिणाम जास्त) १.५ धरले, तर दोन बैठकांचे २७ ग्रे २७० इतके भरतात आणि बाहेरून रोज २ ग्रे याप्रमाणे ३९ बैठकांत दिलेले ७८ ग्रे १८२ इतकेच. तेच गुणोत्तर ३ धरले, की हे आकडे १४८.५ आणि १३० वर येतात. निष्कर्ष गृहीतकावर किती अवलंबून आहे हे त्यांनी आपणहून दाखवले, आणि या सल्ल्याचे मोल मला तिथेच वाटले.

डोस मोजण्याच्या १९९५ च्या टीजी-४३ या पद्धतीत शरीर म्हणजे पाणीच असे मानून हिशेब होतो. ग्रंथीतील चुन्याचे खडे किंवा सीड्सची एकमेकींवर पडणारी सावली त्यात धरली जात नाही. आयोडीनच्या मंद किरणांना याने फरक पडतो, इरिडियमला फारसा नाही. पूर्वी १६० ग्रे म्हटला जाणारा सीड्सचा डोस या पद्धतीने १४४ भरला. रेडिएशन तेवढेच होते, फक्त हिशेब बदलला होता. शिवाय सूज उतरल्यावर, साधारण महिन्याने, सीटी काढून ग्रंथीच्या ९० टक्के भागाला प्रत्यक्षात किती डोस मिळतो आहे हे पुन्हा मोजावे लागते.

उणीव मॅडमच्या लेखी अहवालात होती. त्यात २७० हा आकडा होता, पण १.५ चा उल्लेख नव्हता आणि सगळा मजकूर इंग्रजीत होता. दोनदा विनंती केल्यावर दुरुस्ती झाली. असा सल्ला घ्यायला जाताना दोन्ही आराखड्यांचे डोस-आलेख (कोणत्या भागाला किती डोस मिळेल ते दाखवणारे) सोबत न्यावेत. आमच्याकडे एकाच ठिकाणचा होता, त्यामुळे मूत्रमार्ग आणि गुदाशयावरील डोसची तुलना करण्यासाठी बंधूंना निपाणीहून पुन्हा एक फेरी मारावी लागली.