जहाजाच्या मॉडेलसाठी लाकूड: तयार पट्ट्या की प्रॉक्सॉनची ‘एफईटी’?

तयार सुट्या भागांच्या किटमधून जहाज बांधणाऱ्याने टेबल सॉच्या, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या करवतीच्या फंदात पडू नये, हे आधीच सांगून टाकतो. प्रॉक्सॉन कंपनीची एफईटी ही तसलीच छोटी सॉ. किटच्या जहाजाला फळ्यांचे दोन थर: आतला थर दीड मिमी लाइमवुड या मऊ लाकडाचा, वरचा एक मिमी किंवा त्याहून पातळ अक्रोडाचा. दोन-तीन मापांत काम भागतं. मशीनचे पैसे त्यात कधीच वसूल होत नाहीत. एकेक फासळी उभारून १:४८ प्रमाणाचं पूर्ण मॉडेल करायचं असेल, तर गोष्ट वेगळी. मूळ जहाजावरची तीन इंची फळी इथे १.६ मिमी होते, चार इंची २.१. असल्या मापांच्या पट्ट्या दुकानात सहसा मिळत नाहीत.

तयार पट्ट्यांचं पाकीट आलं की आधी व्हर्नियर लावा. प्रत्येक पट्टी दोन्ही टोकांना आणि मध्ये, जाडी आणि रुंदी दोन्ही. जाडीतला ०.१ मिमीचा फरक घासून निघतो, रुंदीतला महागात पडतो: वीस फळ्या एकावर एक चढल्या की तोच फरक २ मिमी होतो आणि डाव्या-उजव्या बाजूच्या ओळी जुळत नाहीत. मग पट्टी हलकेच वाकवून बघा. लाकडाच्या रेषा तिरक्या बाहेर पडत असतील, तर नाळेच्या, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या वळणावर ती वाफेनेही वाचणार नाही. अक्रोडाची छिद्रं उघडी, कडा ठिसूळ. शिवाय दुसऱ्या पाकिटाचा रंग पहिल्याशी जुळेलच असं नाही, म्हणून लागणाऱ्या पट्ट्या एकदमच मागवाव्यात, वर पंधरा-वीस टक्के जास्त.

आता एफईटी. ८० मिमीचं पातं, २२ मिमीपर्यंत काप, ४५ अंशांपर्यंत तिरकं होणारं पातं, आणि बाजूच्या फेन्सला, म्हणजे लाकूड टेकवून सरकवायच्या पट्टीला, ०.१ मिमीचं बारीक समायोजन. या आकाराच्या मशीनमध्ये ही फेन्स खरोखर कामाची आहे. अडचण सोबत येणाऱ्या पात्याची. कार्बाइडच्या दातांचं, १.६ मिमी जाड. काप स्वच्छ येतो, पण २५ मिमी रुंद फळीतून घासायची ०.२ धरून एक मिमीच्या पट्ट्या काढल्या, तर हिशेबाने नऊच निघतात; लाकडाहून भुसाच जास्त. ०.७ मिमीच्या पात्याने त्याच फळीतून तेरा निघतात. तेव्हा पातळ पातं सॉबरोबरच मागवा. पात्यामागे काप उघडा ठेवणारी जी पाचर असते तिची जाडी कापाच्या फटीपेक्षा जास्त नसावी, नाहीतर लाकूड तिथेच अडतं.

पातळ पात्याला खोल काप झेपत नाही. ते तापतं, लहरतं आणि पट्टी पाचरीसारखी निघते. म्हणून ५ मिमी रुंदीच्या पट्ट्या हव्या असतील तर आधी ५ मिमी जाडीची फळी तयार करा आणि तिच्या कडेवरून एकेक मिमी कापा. काप पाच मिमीचाच राहतो आणि रुंदी सगळ्या पट्ट्यांची एकसारखी. पातं लाकडाच्या तीन-चार मिमी वर ठेवा.

पातळ पट्टी फेन्स आणि पात्याच्या मध्ये कधीही कापू नका. ती अडकते आणि उलटी, थेट पोटाच्या दिशेने सुटते. पट्टी पात्याच्या बाहेरच्या बाजूला, म्हणजे फेन्स नाही तिकडे, पडू द्या. जाडीसाठी त्या बाजूला एक थांबा लावा, पण दातांच्या अलीकडे. पात्यासमोर लावला तर पुन्हा तोच सापळा. दर कापाला फेन्स सरकवून फळी थांब्याला टेकवायची. टेबलातली मूळ फट रुंद असते, पट्टी आत गळते. त्यावर पातळ प्लायचा तुकडा दुहेरी टेपने चिकटवून पातं त्यातूनच वर आणा. ढकलायला लाकडी काठी, बोट नाही. कडा करपत असेल तर फेन्सचं मागचं टोक पात्याकडे झुकलेलं असतं, ते ०.०५ मिमी बाहेर हवं.

लाकूड कोणतं? सागवान नको. मुंबईच्या वाडियांनी १८१७ मध्ये सागवानातच बांधलेली ट्रिंकोमाली ही युद्धनौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला उभी आहे, पण सागाचं पाव मिमीचं छिद्र १:४८ ला बारा मिमीचं भोक दिसतं. वखारीत हेद, म्हणजेच हळदू, विचारा: पिवळसर, बारीक पोताचा, कडा धरणारा. आतल्या थराला शिवण चालेल, हलका आणि हवामानाने कमी फुगणारा-आक्रसणारा. ओलं लाकूड कापू नका. कोकणातल्या पावसाळ्यात कापलेली पट्टी हिवाळ्यात सांधे उघडते. फळ्यांमध्ये चिपा घालून हवेशीर रचा.

खरं सांगायचं तर सॉ हे अर्धंच काम. करवतीचे ओरखडे काढून माप पक्कं करायला ड्रमचा थिकनेस सँडर लागतो, म्हणजे पॉलिश पेपर गुंडाळलेल्या फिरत्या ड्रमखालून लाकूड घासून एकसारख्या जाडीचं करणारं मशीन. आधी ८० नंबरचा पेपर, मग १८०. दर फेरीला ०.१ मिमीहून जास्त नाही, आणि लाकूड ड्रमच्या फिरण्याविरुद्ध घालायचं. तेलकट लाकडाने पेपर लगेच भरतो. सँडर परवडत नसेल तर ६-७ मिमीच्या फळ्या एका जाड, सपाट पाटावर दुहेरी टेपने चिकटवून सुताराच्या प्लेनरमधून पाटासकट ५ मिमीवर आणून घ्या. पाट फळीपेक्षा दोन्हीकडे वीतभर लांब ठेवा, कारण प्लेनर टोकंच खातो.